सड्यावरच्या वस्तीची तयारी

आमच्या घरात सहल नावाचा प्रकार नव्हता. अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या कॉलनीच्या कुंपणाबाहेर दोन खोल्यांत आम्ही राहायचो, आणि रात्र घराबाहेर काढायची तर ती मामाकडे, आत्याकडे, नाहीतर कुणाच्या लग्नात. हौसेनं घर सोडून उघड्यावर झोपायला जायचं असं वाडीत कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, "का, घरात भांडण झालं काय?" म्हणून त्या वर्षी दिवाळी उरकल्यावर आईने जेवताना सहज सांगितलं की आपण सगळे एक रात्र वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर राहायला जाऊ, तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण एकमेकींकडे बघतच राहिलो. बाबा भात कालवत होते. ते कालवतच राहिले.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. कॉलनीत टीव्ही आले होते, पण आमच्याकडे नव्हता, त्यामुळे घरात जे काय घडायचं ते सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

बाबा एका ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर होते. होते म्हणजे, आदल्या वर्षीच्या आषाढापर्यंत होते. त्या आषाढात आई माहेराहून परत येत होती आणि बाबा कामावरून चिपळुणाहून निघाले होते, म्हणून वाटेत त्यांनी तिला जीपमध्ये घेतलं. एका वळणावर डोंगराची माती रस्त्यावर उतरली होती. जीप घसरली आणि कडेच्या चरात कलंडली. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. आईचा डावा हात कोपरात मोडला. हाड बसवलं, प्लास्टर निघालं, पण तो हात काही पूर्वीसारखा सरळ झाला नाही. वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना तो अर्ध्यावर थांबायचा. आईचं त्याने काही अडलं नाही. अडलं ते बाबांचं.

त्यांनी जीपची किल्ली ठेकेदाराच्या टेबलावर ठेवली ती ठेवलीच. ठेकेदार भला माणूस, त्याने त्यांना गोदामावर बसवलं. पत्रे, सिमेंटच्या गोण्या, दोरखंड. बाबा वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, आणि आई दोरीवर कपडे टाकायला लागली की उठून आत जायचे. पूर्वी घरी आले की त्यांच्याजवळ सांगायला काहीतरी असायचं. कुठल्या घाटात कोण भेटलं, कुणाची म्हैस रस्त्यात आडवी बसली. सिमेंटच्या गोण्यांविषयी माणूस किती बोलणार.

आईला हे पाहवत नव्हतं. तिला ते परत गाडीवर बसलेले हवे होते. आमच्याजवळ ती हे कधी बोलली नाही, पण मामाला सांगताना मी ऐकलं होतं, "हात माझा मोडला, आणि गळ्यात बांधून हे फिरतायत."

हा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं आखातात ड्रायव्हर होता, आणि त्या वर्षी कायमचा परत आला तो टू-इन-वन, थर्मास, दुधाच्या पावडरीचे डबे आणि एक खाकी तंबू घेऊन. तंबू कशाला आणला हे त्यालाच सांगता येत नव्हतं. स्वस्तात मिळाला म्हणाला. मग त्याने लिलावात एक जुनी जीप घेतली, भाड्याने चालवायला. जीप आणि तंबू एकदमच दारात आल्यावर आईच्या डोक्यात वस्तीची कल्पना आली असणार.

जीप मामा चालवणार हे उघड होतं. आईने तसंच सांगितलं होतं. फक्त एक अडचण होती. आखातात गाडीचं चाक डाव्या बाजूला असतं आणि गिअर उजव्या हाताला. इतकी वर्षं तशी गाडी चालवलेल्या मामाचा हात गिअर शोधायला उजवीकडे जायचा, आणि तिथे असायचं दार. एकदा तो आम्हाला बाजारापर्यंत घेऊन गेला, तर वाटेत त्याने दाराची कडी कितीतरी वेळा पकडली. शिवाय त्याला सवय सरळसोट सपाट रस्त्याची. वळण आलं की त्याला ते अंगावर आल्यासारखं वाटायचं. बाबा पायरीवर बसून त्याचं जाणं-येणं बघायचे आणि बोलायचे काही नाहीत. पण जीप दिसेनाशी झाली तरी आवाज ऐकत बसायचे. गिअर खरडला की त्यांचा जबडा हलायचा.

आईने तयारी सुरू केली. तिची तयारी म्हणजे माजघराच्या कोपऱ्यात वस्तू जमवत जायचं. आधी ताडपत्री आली. मग दोन पातेली, एक कळशी, तवा, परात, घोंगड्या, कंदील, तांदळाची पिशवी, सुकटाचा डबा, आमसुलं, चार नारळ. वर खवणी.

"ताई, एक रात्र जायचंय," मामा म्हणाला. "मी डबे आणलेत की. उघडले की जेवण तयार."

"डब्यातलं तू खा. नारळाशिवाय जेवण उतरंल काय घशाखाली?"

"मग घरून खवून घे."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंबलं म्हंजे?"

खवणी राहिली. आम्हा कोकणातल्या माणसांचं हे असंच आहे. मोकळ्या हवेत राहायला निघायचं तर आधी स्वयंपाकघर उचलायचं. दुसऱ्या दिवशी पाटा-वरवंट्याचीही चर्चा झाली, आणि मामाने जीपचे टायर दाखवून ती कशीबशी थांबवली.

तंबू उभा करून बघायचं ठरलं. अंगणात मामाने तो पसरला आणि वितीपेक्षा लांब खुंट्या काढल्या. वाळवंटातल्या खुंट्या त्या, वाळूत खोल जाव्यात म्हणून लांब. अंगणातल्या मातीत त्या झकास बसल्या. तंबू फुगून उभा राहिला. वाडीतली पोरं आत-बाहेर करू लागली. मामा कमरेवर हात ठेवून उभा होता. तेवढ्यात पायरीवरून बाबांचा आवाज आला.

"वर कातळ हाय. तिथं खुंटी जाईल काय?"

त्या सगळ्या बेताविषयी बाबा बोललेले हे पहिले शब्द. हे मामाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सडा म्हणजे अंगभर खडक, वर बोटभर माती आणि वाळलेलं गवत. हे आम्हा पोरींनासुद्धा ठाऊक होतं, पण खुंट्यांच्या रुबाबापुढे विसरलो होतो. बाबा उठले, तंबूभोवती एक फेरी मारली, दोरी ताणून बघितली आणि म्हणाले, "दोऱ्या लांब करायच्या. दगडाला बांधायच्या. दोन-दोन दगड, एकावर एक." मग गोदामात पडलेल्या जुन्या दोरखंडाचे तुकडे मागून आणतो असं पुटपुटत ते आत गेले. आई चुलीपुढे होती. तिने मान वर केली नाही, पण त्या दिवशी फोडणी जरा जास्तच करपली.

त्यानंतर बाबा वस्तीच्या तयारीत ओढले गेले. मामाने जीपचं बॉनेट उघडलं की हे जवळ जाऊन उभे. ब्रेकचं तेल बघितलंस काय. पट्टा सैल हाय. एका संध्याकाळी तर जीपच्या खाली घुसले ते दिवेलागणीला काळे होऊन बाहेर आले, आणि आईने त्यांना मोरीकडे पिटाळताना तोंडभर शिव्या दिल्या. इतक्या आनंदाने दिलेल्या शिव्या मी परत ऐकल्या नाहीत.

एका रविवारी ते वाट बघायला पायी निघाले आणि मला बरोबर घेतलं. सड्यावर जायला कधीकाळी मोजणीच्या कामासाठी काढलेली गाडीवाट होती. आता ती पावसाने खणून ठेवली होती. मधे एक पऱ्या आडवा जायचा, पाणी घोट्याएवढंच, पण तळाला गोटे. त्याच्यापुढे एक उभा चढ, आणि मग वर एकदम मोकळं. बाबा थांबत थांबत चालत होते. सुटे दगड पायाने बाजूला करत होते.

"इथं डावं चाक ह्या दगडावर घ्यायचं," ते मला सांगत होते, जसं काही गाडी मीच चालवणार होते. "चाकोरीत उतरलं तर पोट घासेल. इथं दम नाय खायचा. पाय हलका ठेवायचा आणि सोडायचा नाय."

बोलताना त्यांचे दोन्ही हात छातीपुढे आले होते आणि चाक फिरवत होते. त्यांना ते कळत नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते हात खाली गेले असते, एवढी अक्कल मला त्या वयातही होती. आज त्या रविवारची आठवण आली की मला नुसतं समाधान वाटतं, की मी तिथे होते.

घरी येऊन त्यांनी मामाला सगळं समजावलं. अंगणातल्या मातीवर काटकीने वाट काढली, पऱ्या काढला, चढ काढला. मामा "व्हय भावोजी, व्हय भावोजी" म्हणत राहिला आणि त्याचा उजवा हात हवेत गिअर टाकत राहिला. बाबांनी काटकी टाकून दिली. रात्री अंथरुणावर ते आईला म्हणाले, "बेत रद्द कर. ह्याच्या हातात पोरी द्यायच्या नायत मला."

"मग?" आई म्हणाली.

बाबा भिंतीकडे कुशीवर वळले. आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि बेत काही रद्द केला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं जीपमध्ये भरून झालं. गाडी नवी घेतलेली, पहिल्यांदाच डोंगर चढणार, आणि आम्ही रात्रीची वस्ती करणार सड्यावर, जिथे राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची हद्द. म्हणजे गाऱ्हाणं घालणं आलंच. शेजारचे आजोबा वाडीत गाऱ्हाणं घालायचे. ते नारळ घेऊन जीपपुढे उभे राहिले, देवळाच्या दिशेने तोंड करून. वाडीतली चार माणसंही जमली, कारण गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात.

आमच्याकडच्या गाऱ्हाण्यात देवाला मोघम काही सांगत नाहीत. कोण, कुठे, कशासाठी, किती दिवस, सगळं खुलासेवार. देवाला मागून शंका राहू नये.

"बा देवा म्हाराजा," आजोबांनी सुरू केलं, "आज ही तुजी लेकरं सड्यावर वस्तीला जातायत."

"व्हय म्हाराजा."

"दोन लहान पोरी हायत. वाटंत कोन आडवा आसंल त्येला बाजूला कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गाडीला चढाला दम दे. आनि गाडी चालीवनाऱ्याच्या हाताला..." इथे आजोबा थांबले आणि वळून म्हणाले, "कोन चालीवनार? नाव घ्यायला लागंल."

मामाने घसा साफ केला.

"ह्यांचं घ्या," आई म्हणाली.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिच्या तोंडी 'हे' म्हणजे एकच माणूस. आजोबांना काही विचारायची गरज पडली नाही. ते परत देवळाकडे वळले आणि त्यांनी बाबांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने. त्याच्या हाताला बळ दे म्हाराजा. व्हय म्हाराजा, म्हणाली सगळी वाडी, आणि आम्ही दोघी तर बेंबीच्या देठापासून. नारळ फुटला. मामाने तोंड उघडलं होतं, पण आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्याने ते मिटलं.

बाबा तिथेच उभे होते. देवापुढे एकदा घेतलेलं नाव मागे घ्यायची रीत नाही. ते आईकडे बघत होते आणि आई खोबऱ्याचे तुकडे करत होती, जशी काही तिला दुसरं कामच नव्हतं. मग बाबांनी मामापुढे हात केला आणि मामाने किल्ली दिली.

हे मी एकदा माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, आजीने आजोबांना चक्क अडकवलं. अडकवलं तर अडकवलं. सगळ्या गोष्टी समोरासमोर बसून बोलून सुटतात असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल बोलत बसावं. माझ्या आईला तिचा नवरा माहीत होता. बोलली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, आणि सकाळी गोदामावर गेले असते.

आई पुढच्या सीटवर बसली, बाबांच्या डाव्या बाजूला, मोडलेला हात दाराकडे करून. म्हणजे त्या आषाढात जिथे बसली होती नेमकी तिथेच. मागे मामा, आम्ही दोघी आणि खवणी. बाबांनी गाडी सुरू केली. डांबरी रस्त्यावर ते इतके हळू निघाले की कोंबड्यांनाही बाजूला व्हायची घाई वाटली नाही. त्यांची मान ताठ होती आणि मानेवर घाम होता, थंडीच्या दिवसांत.

गाडीवाट लागली तेव्हा ते थांबले, खाली उतरले, पुढे चालत जाऊन आले, परत बसले. फोर व्हीलचा दांडा ओढला. जीप हेलकावे खात चढू लागली. पातेली एकमेकांवर आपटत होती, माझी बहीण माझ्यावर आपटत होती, आणि मामा दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून गप्प बसला होता. पऱ्यापाशी बाबा परत थांबले. समोर गोटे, पलीकडे तो चढ. त्यांनी आईकडे मान वळवली. मला वाटतं ते तिला उतरायला सांगणार होते. तू पोरींना घेऊन चालत ये, असं काहीतरी.

आईने डोकं मागे टेकलं होतं. डोळे मिटले होते आणि हात मांडीवर होते.

"आई झोपली," माझी बहीण म्हणाली.

बाबा काही क्षण तसेच तिच्याकडे बघत राहिले. मग समोर बघून त्यांनी गाडी पाण्यात घातली. डावं चाक दगडावर, चाकोरी सोडून, जसं त्यांनी मला दाखवलं होतं तसंच. पऱ्या मागे पडला. चढावर अर्ध्यात एक दगड चाकाखालून सुटला आणि जीप जागच्या जागी थरथरली, थोडी मागे आली. मामाने डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेतलं. बाबांनी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, एक श्वास घेतला आणि गाडी सावकाश परत उचलली. पाय हलका, पण सोडला नाही. आईने डोळे उघडले नाहीत. तिचं डोकं दाराच्या पट्टीवर एकदा आपटलं तेव्हाही नाही.

वर पोचल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं. तेव्हा आई जागी झाली, डोळे चोळले आणि म्हणाली, "आलो काय?"

मग आम्ही दगड गोळा केले, तंबू बांधला, तीन दगडांची चूल मांडली. खवणी लागली ती लागलीच. सुकटाच्या कालवणात ओलं खोबरं पडलं आणि मामाचे डबे न उघडताच परत गेले. जेवताना बाबा बोलत होते. पूर्वी एका घाटात भेटलेल्या कुणाची तरी म्हैस, आणि ती रस्त्यात कशी बसली, आणि मग तिच्या मालकाला शोधायला ते कुठे कुठे फिरले. आम्ही ती गोष्ट आधी ऐकलेली होती. आईनेही ऐकलेली होती. तरी तिने मधे मधे "मग?" म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी उतरणीला बाबाच गाडीवर होते, गाऱ्हाणं पुन्हा घालावं लागलं नाही. पुढे ती जीप त्यांनीच वर्षानुवर्षं चालवली. मामाने भाडं बघायचं, बाबांनी चाक धरायचं. अडलेल्या बाळंतिणी नेल्या, शाळेची पोरं नेली, माझ्या सासरी मला नेलं तेही त्याच जीपने. त्या सगळ्या वर्षांचं आम्ही देणं लागतो ते माझ्या आईच्या एका झोपेचं. इतका भरवसा कुणी कुणावर टाकलेला मी पुन्हा पाहिला नाही, असं मी ज्याला त्याला सांगत आले.

आता बाबा ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या वर्षी दोघं माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी आई आत पडली होती, आणि मी बाबांपाशी बसून परत ते सगळं काढलं. म्हटलं, "बाबा, त्या तसल्या चढावर आईला झोप लागली कशी हो?"

बाबा हसले. आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ऐक."

आतून आईच्या घोरण्याचा आवाज येत होता, भिंतीला ऐकू जाईल असा.

"लग्न झाल्यापासनं हे असंच हाय," बाबा म्हणाले. "डोळा लागला की सुरू. त्या दिवशी पऱ्यापासनं वरपर्यंत हूं नाय की चूं नाय."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कळणार नाय तर काय. हात बघितलास काय तिचा? पदराची गाठ धरली होती घट्ट, बोटं पांढरी झालेली." त्यांनी पुन्हा आतल्या खोलीकडे बघितलं. "म्हटलं, एवढी भ्यालीय, तरी डोळे मिटून बसलीय माझ्या बाजूला. मग मला गाडी वर न्यायलाच पायजे होती."